भोंग्याची साक्ष

भोंग्याचं खरं नाव मतदारयादीत होतं आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. बाकी सगळं शहर त्याला भोंगाच म्हणायचं. अंगकाठी अशी, की सदरा खुंटीला टांगलाय की माणसाच्या अंगात आहे, हे जवळ गेल्याशिवाय कळू नये. पण या काडीतून जो आवाज निघायचा, तो ऐकून झाडावरची पाखरं उठायची. देव कुणाला बुद्धी देतो, कुणाला रूप देतो. याला घसा दिला आणि बाकीच्या रकान्यांत भोपळा.

तरुणपणी तो एका कापडाच्या दुकानाबाहेर पायरीवर उभा राहून गिऱ्हाईक बोलवायचा. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. रस्त्याच्या पलीकडून चाललेला माणूस, ज्याला चादरीची काडीचीही गरज नाही, तोसुद्धा दचकून आत शिरायचा आणि आत शिरलोच आहोत तर म्हणून अभ्रे घेऊन बाहेर पडायचा. मालक खूश होता. शेजारचे दुकानदार कानात कापूस घालून बसायचे.

त्याच रस्त्यावर तेव्हा भाऊ फिरायचे. तेव्हा ते भाऊ नव्हते, नुसतेच ‘तो आला’ होते. ते दिसले की दुकानदारांचे हात आपोआप गल्ल्यात जायचे. हा म्हणे संरक्षणाचा पैसा. संरक्षण कुणापासून, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर समोरच उभं असायचं. हे सगळं चालायचं वस्तादच्या नावानं. शहराबाहेरचा ट्रकतळ, नदीकाठच्या वाळूचे ढीग आणि ज्यांच्याबद्दल सभ्य माणसं बोलत नाहीत ते अड्डे, असं सगळं त्या वस्तादच्या मुठीत होतं. वस्ताद कधी कुणाला दिसत नसे. दिसायचे ते भाऊ.

मग एका निवडणुकीत भाऊ उभे राहिले. साप कात टाकतो तसा त्यांनी रंगीत बुशकोट टाकला आणि पांढऱ्या कपड्यांत शिरले. साप मात्र तोच राहिला. ‘वस्तादशी माझा कवडीचाही संबंध नाही,’ हे वाक्य ते प्रत्येक भाषणात म्हणायचे. ज्या मंचावरून म्हणायचे तो वस्तादच्या माणसांनी बांधलेला, खुर्च्या वस्तादच्या गोदामातल्या, आणि या वाक्याला पहिली टाळी वस्तादच्या धाकट्या भावाची. वर्तमानपत्रं बिचारी ‘कथित संबंध’ असं लिहायची. वस्तादच्या मुलीच्या लग्नात भाऊ कमरेला उपरणं बांधून पंगतीत वाढत होते, तो फोटोही त्यांनी छापला होता आणि त्याच्याखालीही ‘कथित’ लिहिलं होतं. वाढलेलं जेवणही कथितच असणार.

तर अशा या भाऊंनी पायरीवरच्या भोंग्याला उचललं. भाऊंना स्वतःला आवाज नव्हता. ते इतकं हळू बोलायचे की समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं, आणि बहुतेकांना वाकायची सवयच लागली होती. मोठ्यानं बोलायला त्यांनी माणूस ठेवला, तो हा.

भोंग्याचं काम सांगायला सोपं. सभेत मंचाच्या खाली, डाव्या खांबाजवळ उभं राहायचं आणि घोषणा द्यायच्या. तो म्हणायचा, “कुणाची वाट?” मैदान म्हणायचं, “भाऊंची वाट!” तो म्हणायचा, “आले रे आले!” मैदान म्हणायचं, “भाऊ आले!” यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. भोंग्यापुढे असं बोलायची सोय नव्हती. नुसत्या ओरडण्याला तो ‘केकाटणं’ म्हणायचा. हाक टाकायची म्हणजे शेवटचं अक्षर अर्धवट सोडायचं, इतकं अर्धवट की ऐकणाऱ्याला ते पुरं केल्याशिवाय चैन पडू नये. कर्णे कुठल्या दिशेला तोंड करून बांधलेत, वारा कुठून येतोय, समोरच्या इमारतीवरून आवाज परत यायला किती वेळ लागतो, हे तो सभेआधी मैदानात टाळ्या वाजवून बघायचा. हे सगळं उत्तमच होतं. पण एवढी अक्कल कुणाच्या चाकरीत खर्च होतेय, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. चाकूला धार लावणाऱ्यानं मान कुणाची, हे विचारू नये, तसा त्याचा हिशोब.

बायकोला भाऊंच्या चिठ्ठीवर शाळेत शिपायाची नोकरी लागली होती. घरात पंखा होता, भिंतीवर भाऊंबरोबरचा फोटो होता. फोटोत भाऊ मध्ये आणि भोंगा इतका कडेला, की त्याचा एक कान चौकटीखाली गेला होता. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवला जायचाच.

दाखवायची सोय नव्हती ती फक्त ताईला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनंच याला वाढवलेला. फोटो पाहून ती म्हणाली होती, “कान कापलाय ते बरं झालं. ऐकून तरी तू काय करणार होतास?” त्यानंतर ती आली की बायको फोटोवर कॅलेंडर अडकवायची.

ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भोंग्याच्या भावोजींचं, काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोच्या चौकटी. चौकातल्या जुन्या दुमजली इमारतीत तळाला कोपऱ्यावर. भावोजी म्हणजे अगदी मुकं माणूस. दिवसभर काचेशी काम, आणि काच काही बोलत नाही, त्यामुळे त्यांचीही बोलायची सवय गेली असावी. ती इमारत भाऊंच्या एका माणसाला पाडायची होती, तिथे सात मजली काहीतरी उभं करायचं होतं. वरच्या भाडेकरूंच्या पायऱ्या रात्रीत निखळल्या, पाण्याचे नळ कोरडे पडले, आणि एकेक जण शहाणा होऊन निघून गेला. भावोजी शहाणे झाले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की दुकान माझ्या बापाचं आहे आणि मला हलायचं नाही.

मग एका संध्याकाळी, शटर अर्धं ओढून भावोजी दिवा बंद करायला वळले तेव्हा, चार माणसं वाकून आत आली आणि त्यांच्यामागून पाचवे भाऊ. स्वतः जातीनं. भाऊ गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. एका आरशात बघून त्यांनी केस सारखे केले. आणि आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, “याला कापायचा हात कुठला ते विचारा.” भावोजींनी सांगितलं नाही, म्हणून दोन्ही मनगटं मोडली. जाताना एकही काच फोडली नाही. ताई पुढे सगळ्यांना हे मुद्दाम सांगायची. काचेची त्यांना फार काळजी होती म्हणे.

भाऊंचा अंदाज असा होता की हा मुका माणूस मुकाच राहील. इथे भाऊ चुकले. भावोजींनी दवाखान्यातल्या खाटेवरून जबाब दिला आणि त्यात भाऊंचं नाव घेतलं, स्टूल सांगितलं, आरसा सांगितला, वाक्य सांगितलं. वरच्या कुणाशी तरी तेव्हा भाऊंचं बिनसलं होतं, म्हणून की काय, खटला खरोखरच उभा राहिला. नाहीतर असे कागद इथे वाळवीला वाढलेले असतात.

आता भाऊंचं म्हणणं असं, की त्या संध्याकाळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मैदानावर, हजारो लोकांसमोर सभेत होतो. पुरावा? पक्षानं सभेचं चित्रण केलेलं होतं, कोपऱ्यात वेळ दिसत होती. भावोजी मनगटं मोडल्याची जी वेळ सांगत होते, बरोबर त्याच सुमाराला चित्रफितीत मैदान दणाणून उठत होतं. “आले रे आले!” “भाऊ आले!” मंच त्यात दिसत नव्हता, कॅमेरा गर्दीकडे होता. पण आवाज भोंग्याचा होता, आणि तो आवाज कुणी नाकारू शकत नव्हतं. आता भोंग्यानं कोर्टात उभं राहून एवढंच सांगायचं, की मी भाऊंना डोळ्यांनी पाहिलं आणि हाक दिली. की संपलं. भावोजी खोटे, भाऊ खरे, इमारत पाडायला मोकळी.

आणि भोंग्याला पक्कं माहीत होतं, की त्या वेळी भाऊ मैदानात नव्हते.

ताई त्याच्या दारात आली ती पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही. कॅलेंडर अडकवायला बायकोला वेळ मिळाला नव्हता, पण ताईनं भिंतीकडे बघितलंही नाही. म्हणाली, “त्या संध्याकाळी तुझा भाऊ मैदानात कधी आला?”

भोंगा म्हणाला, गर्दी फार होती, काही नीट आठवत नाही.

“गर्दी फार असते म्हणून तर तुला ठेवलाय.”

ताई उठली. पदर झटकला.

“मला एकच भाऊ होता,” ती म्हणाली. “तोही दुसऱ्याला भाऊ म्हणत गावभर ओरडतो. ओरड बाबा. पण परवा कोर्टात खोटं ओरडलास, तर माझ्या मरणालाही येऊ नकोस.”

ती गेल्यावर बायको बाहेर आली. तिचं डोकं व्यवहारी. ती म्हणाली, ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण माझी शाळेतली नोकरी गेली तर ताई देणार आहेत का? मग तिनं तोडगा काढला. “अहो, घसा बसलाय म्हणा ना. डॉक्टरांचा कागद आणा. आवाजच नाही म्हटल्यावर कोण काय विचारणार?” तोडगा वाईट नव्हता. पण भोंगा भडकला. तीस-पस्तीस वर्षांत, भर उन्हात, धुळीत, तापात, त्याचा घसा एकदाही बसला नव्हता, आणि आता कोर्टात सगळ्या शहरासमोर बसलाय म्हणून सांगू? बहिणीचा संसार मोडतोय, बायकोची नोकरी टांगलीय, आणि याला काळजी घशाच्या अब्रूची.

भाऊंनी त्याला कार्यालयात बोलावलं. एरवी तो बाहेरच्या बाकापर्यंतच जायचा. त्या दिवशी आतल्या खोलीत नेलं. तिथे गार वारा, काळ्या काचेचं टेबल, एक मोठ्या फीचा वकील आणि भाऊ. वकिलानं उत्तरं पाठ करून घेतली. पाहिलं का? पाहिलं. ओळखलं का? ओळखलं. पाहूनच हाक दिली का? पाहूनच दिली. विचारलं तेवढंच बोलायचं, एक अक्षर जास्त नाही.

भाऊ म्हणाले, “तुझ्या मेहुण्यांचं वाईट वाटलं रे. मी फळं पाठवली होती. त्यांनी परत केली. माणुसकी राहिली नाही बघ लोकांत.”

भोंगा वाकून ऐकत होता. त्यानं मान हलवली.

“आणि तू इतकी वर्षं खाली खांबाजवळ का उभा राहतोस? वय झालं आता. पुढच्या सभेपासून वर ये. खुर्ची ठेवायला सांगतो तुझ्यासाठी.”

मंचावर खुर्ची! पानटपरीवाला तिथे बसला होता, वाळूवाला बसला होता, शाळेचं अनुदान खाल्लेला संस्थाचालक तर मधल्या सोफ्यावर बसायचा. भोंग्याच्या घशावर ही सगळी वऱ्हाडं मोठी झाली आणि तो खांबापाशीच. घरी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची तरंगत होती. दुसऱ्या की तिसऱ्या रांगेत असेल, एवढाच प्रश्न त्याला रस्त्यात पडला. बहिणीनं दिलेली शपथ आणि प्लास्टिकची एक खुर्ची यांत माणसाला निवड करावीशी वाटते, हेच मुळात लाजिरवाणं. भोंग्यानं ती केलीही. बायकोला म्हणाला, मी काही खोटं बोलणार नाही, हाक दिली होती ती दिली होती.

कोर्टाची खोली खचाखच भरली होती. भाऊंची माणसं पांढरे कपडे घालून पुढची बाकं अडवून बसली होती, जणू आतही सभाच आहे. ताई आणि भावोजी सगळ्यात मागे, दाराजवळ. भावोजींची दोन्ही मनगटं पट्ट्यांत, हात मांडीवर असे ठेवलेले, जणू दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला घेतलेत.

पहिला भाग झकास पार पडला. भाऊंच्या वकिलानं विचारलं, भोंग्यानं पाठ केलेलं म्हटलं. पाहिलं. ओळखलं. पाहूनच दिली. मग चित्रफीत लावली. त्या खोलीच्या जुनाट भिंतींवर भोंग्याचा आवाज आपटला, तेव्हा कारकुनाच्या हातातलं पेन थांबलं. “आले रे आले!” पुढच्या बाकावरच्या एकाच्या तोंडून सवयीनं “भाऊ—” निघालं आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितल्यावर उरलेलं त्यानं गिळलं. भोंग्याला बरं वाटलं. हाक खरंच छान लागली होती त्या दिवशी.

सरकारी वकीलबाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून, पुटपुटल्यासारख्या बोलायच्या. त्या म्हणाल्या, ही चित्रफीत पुढे चालू ठेवा. भाऊंचा वकील उठला, पुढची गरज नाही म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, तुम्हीच दिलीय ना? मग बघू या सगळी.

आणि इथे त्या सगळ्या टोळीच्या हुशारीवर पाणी पडलं. ती चित्रफीत पक्षातल्या निदान वीस माणसांनी पाहिली होती, मोठ्या फीच्या वकिलानं पाहिली होती, भाऊंनी पाहिली होती. पण मासळीबाजारात जन्म गेलेल्याला वास येत नाही. त्यांच्यातल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. चित्रफीत पुढे सरकली. गर्दी थोडी पांगली, काही जण उठले, आणि भोंगा ओरडला, “आले रे आले!” मैदान म्हणालं, “भाऊ आले!” आणखी पुढे. पुन्हा लोक चपला शोधायला लागले, पुन्हा, “आले रे आले!” मग अंधारून आलं, आणि पुन्हा. मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी.

वकीलबाईंनी नाक पुसलं. “मला एवढंच समजून घ्यायचंय,” त्या म्हणाल्या, “एका संध्याकाळी एक माणूस किती वेळा येतो?”

भोंग्याला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. तो वकिलाकडे बघायला लागला. वकील कसलेला होता, लगेच सावरला. म्हणाला, साहेब, साक्षीदार अडाणी आहे. घशाखेरीज त्याच्याकडे काही नाही. काहीही दिसलं की ओरडत सुटतो. पहिली हाक तेवढी त्यानं भाऊंना पाहून दिली, ती धरावी. पुढच्या ओरडण्याला काही अर्थ नाही. मग भोंग्याकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं, “पुढचं उगाचच ओरडलात ना?”

बस, ‘होय’ म्हणायचं होतं. एक शब्द. खुर्ची, शाळेतली नोकरी, पंखा, सगळं त्या एका शब्दात होतं.

आरोपीच्या बाकावर बसलेले भाऊ शेजारच्या आपल्या माणसाकडे झुकले. त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, “खुळं आहे ते. मोटार दिसली की कुत्रं भुंकत नाही का, तसं.” शेजारचा हसला. भाऊंचा आवाज ऐकायला सगळ्यांना वाकावं लागायचं, पण भोंग्यानं इतकी वर्षं वाकून वाकून कान तयार केले होते. त्याला उभ्या जागी ऐकू आलं.

त्यानं दाराकडे बघितलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती भावोजींच्या हातावरची पट्टी सारखी करत होती. आता याच्याकडून काही होणार नाही, हे जणू ती घरूनच ठरवून आली होती.

“उगाच नाही ओरडलो,” भोंगा म्हणाला.

वकील म्हणाला, विचारलं तेवढंच बोला.

“तेच बोलतोय. उगाच ओरडायला मी काय खुळा आहे?” त्यानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. आवाज आपोआप चढला. “सभा धरून ठेवणं म्हणजे काय वाटलं तुम्हाला? भाऊ आजपर्यंत एकाही सभेला वेळेवर आलेले नाहीत. लोक काय गोंद लावून बसवलेत? माणूस पहिल्यांदा घड्याळ बघतो, मग शेजाऱ्याकडे बघतो, मग चप्पल चाचपतो. चपलेला हात लागायच्या आत हाक पडली पाहिजे. की तो उठतो, मान वर करतो, रस्त्याकडे बघतो, आणि त्यात आणखी थोडा वेळ निघतो. एक हाक कमी पडली की मैदान रिकामं. एक जास्त झाली की लोक हसतात. त्या दिवशी कुणी हसलं का? लावा परत, बघा.”

न्यायाधीशांनी आवाज कमी करायला सांगितलं. वकीलबाई मात्र रुमाल खाली ठेवून, अगदी शिकायला आल्यासारख्या ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे भाऊ दिसले की तुम्ही ही हाक देता?”

“छे. दिसल्यावर कशाला देईन?” या बाईंना काहीच कसं कळत नाही, याची भोंग्याला कीव आली. “ते आल्यावर लोक आपोआप ओरडतात. मी तेव्हा गप्प. मी तेव्हा पाणी पितो.”

“म्हणजे तुमची हाक ऐकू येते तेव्हा—”

“तेव्हा भाऊ आलेले नसतात.”

आपण काय बोललो, हे भोंग्याला तोवर कळलं होतं की नव्हतं, हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण कळून घ्यायला जागा होती. तो थांबू शकला असता. वकीलबाईंनी विचारलं, “त्या दिवशी पाणी कधी प्यायलात?” भोंग्यानं एकदा दाराकडे बघितलं. आता ताई बघत होती.

“सगळ्यात शेवटी,” तो म्हणाला. “मैदानातले दिवे लागून बराच वेळ झाला होता.”

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला. न्यायाधीशांनी विचारलं, मघाशी तुम्ही पाहूनच हाक दिली म्हणालात, त्याचं काय? भोंगा म्हणाला, ते वकीलसाहेबांनी शिकवलेलं होतं, हे माझ्या धंद्यातलं आहे.

भाऊंना शिक्षा झाली. लगेच त्यांच्या छातीत दुखायला लागलं, हे सांगायला नको. अशा छात्यांना निकाल ऐकेपर्यंत काही होत नाही. दवाखान्यात त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, आणि चौकाचौकांत फलक लागले, की सत्याचा छळ होतोय. वरचं कोर्ट काय म्हणेल ते पुढचं पुढे. पण इमारत त्या वर्षी पडली नाही.

भोंग्याच्या बायकोला शाळेनं सांगितलं, तुमची जागा तात्पुरती होती. सोळा वर्षांनंतर शाळेला हे आठवलं. भोंगा मात्र महिनाभर अंगावर हल्ला होण्याची वाट बघत होता. दाराला आतून फळी लावून झोपायचा. कुणीच आलं नाही. एका खटल्यातून बाहेर पडायचं असताना साक्षीदाराला हात लावण्याइतके ते लोक अडाणी नव्हते, हे एक कारण. पण बाजारात भेटलेल्या पक्षाच्या एका माणसानं दुसरं कारण तोंडावर सांगितलं. भाऊ म्हणाले, त्याला मारून काय करायचंय, भोंगा तो भोंगा. भोंग्याला हे एखाद्या मारापेक्षा जास्त लागलं. मार खाण्याची लायकी असती तर बरं वाटलं असतं, असा त्याचा चेहरा झाला होता, असं बायको सांगते.

मग एक दिवस तो दुकानात गेला. भावोजींची मनगटं जुळली होती, पण पकड आलेली नव्हती. ताईच टेबलापाशी उभी राहून काच कापत होती आणि भावोजी स्टुलावर बसून मानेनं सांगत होते, इकडे, थोडं तिकडे. तेच स्टूल. भोंगा दारात घुटमळला. मग म्हणाला, “ताई, तुझ्यासाठी बोललो बघ मी.”

ताईनं पट्टी काचेवर ठेवली. “माझ्यासाठी नाही. त्यानं तुला कुत्रं म्हटलं म्हणून बोललास.”

“तुला ऐकू आलं?”

“मला कुठून येणार? कोर्टाबाहेर त्याचीच माणसं हसत सांगत होती. बाकीचं तुझ्या तोंडावर दिसलं.”

त्यानं जरा विचार केला. खोटं बोलायचा आता कंटाळाच आला होता. “निम्मं निम्मं धर,” तो म्हणाला.

“निम्मं पुरे,” ताई म्हणाली. “तू सबंध कधी होतास? ये, हे टोक धर. घट्ट नको, नुसता आधार दे.”

त्यानं काचेचं टोक धरलं. मोठं तावदान होतं. ताईनं कापायचं चाक टेकवलं, तसा भोंगा सांगायला लागला, की शाळेनं बायकोशी काय केलं, आणि कापडवाला परत पायरीवर बोलावतोय पण तिथे आता उभं राहवत नाही. भावोजींनी हात वर केला. एरवी न बोलणारा माणूस बोलला.

“काच कापताना गप्प राहायचं. चाकाचा आवाज ऐकू यावा लागतो. आवाज तुटला की काच तुटते.”

भोंगा गप्प झाला. ताईनं चाक ओढलं. बारीक, सलग, चिरचिरता आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

“मध्ये थोडा तुटला,” भोंगा म्हणाला.

भावोजी वाकून बघायला लागले.

“गप,” ताई म्हणाली. पण तिनंही वाकून बघितलं.